युद्धवैद्यकाचे शिक्षण आणि मुका जीव



रणांगणावर जवान धारातीर्थी पडला, असे आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दात समाजाची सारी कृतज्ञता सामावलेली असते. परंतु या आदराच्या शब्दाआड एक वास्तव बहुधा झाकले जाते. गोळी लागलेला प्रत्येक जवान त्याच क्षणी प्राण सोडत नाही. अनेकांचे प्राण पुढच्या काही मिनिटांत, रक्त वाहून जात असताना, हळूहळू जातात. त्या मिनिटांत योग्य हात योग्य जागी पडला तर तो जवान जगतो, न पडला तर त्याच्या घरी ध्वजात गुंडाळलेली शवपेटी येते.

इराक आणि अफगाणिस्तान येथील युद्धांत २००१ ते २०११ या काळात अमेरिकेचे जे सैनिक मृत्युमुखी पडले, त्यांच्यापैकी ४,५९६ मृत्यूंचा अभ्यास तेथील लष्करी डॉक्टरांनी केला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ८७ टक्के सैनिक रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच गेले होते. वाटेत गेलेल्या या सैनिकांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश जखमा अशा होत्या की वेळीच उपाय झाला असता तर जीव वाचण्याची शक्यता होती. आणि या वाचू शकणाऱ्या जखमींपैकी दर दहांतील नऊ जण केवळ रक्तस्रावाने दगावले होते. जगातील सर्वांत साधनसंपन्न सैन्याची ही स्थिती आहे.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. जवानाचे आयुष्य पुष्कळदा दूरच्या रुग्णालयातील नामवंत शल्यविशारदाच्या हाती नसते. ते त्याच्याच तुकडीतील एखाद्या पंचविशीच्या वैद्यकीय सहायकाच्या हाती असते. त्या सहायकाने आयुष्यात प्रथमच मांडीतून उसळणारे रक्त पाहावे आणि प्रथमच ते थांबवावे, असे घडता कामा नये. त्याच्या हातांना सराव हवा. तो सराव कशावर द्यायचा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

बोकड, डुक्कर आणि 'जखमांची प्रयोगशाळा'

गेली अनेक दशके अमेरिकेच्या सैन्याने या प्रश्नाचे उत्तर जिवंत प्राण्यांत शोधले. पद्धत अशी : बोकडाला किंवा डुकराला भूल द्यायची, मग त्याच्यावर गोळी झाडून, शस्त्राने भोसकून, भाजून किंवा पाय तोडून युद्धातील जखमेसारखी जखम करायची. प्रशिक्षणार्थीने त्या प्राण्याला जिवंत ठेवण्याची शर्थ करायची. रक्त थांबवायचे, श्वासाचा मार्ग मोकळा करायचा, छातीत कोंडलेली हवा सुई घालून बाहेर काढायची. सराव संपला की प्राण्याला भुलेतच मारून टाकायचे. तिकडच्या लष्करी परिभाषेत याला 'जिवंत ऊतींवरील प्रशिक्षण' असे निरुपद्रवी नाव आहे. अशा सरावात दरवर्षी हजारो प्राणी खर्ची पडत.

आरंभी यासाठी कुत्रेही वापरले जात. १९८३ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील लष्करी वैद्यकीय विद्यापीठात 'जखमांच्या प्रयोगशाळे'साठी कुत्र्यांवर गोळ्या झाडण्याची योजना असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. नागरिकांनी संतापाची पत्रे पाठविली आणि तत्कालीन संरक्षणमंत्री कॅस्पर वाईनबर्गर यांनी कुत्र्यांवर गोळ्या झाडण्यास तत्काळ बंदी केली. ही बंदी स्वागतार्हच होती, परंतु तिच्यात एक विसंगती दडलेली होती. कुत्रा हा अमेरिकी घरातला सदस्य, म्हणून तो वाचला. बोकड आणि डुक्कर यांच्या बाजूने बोलणारे त्या वेळी फारसे कुणी नव्हते, म्हणून पुढची चाळीस वर्षे त्यांची पाळी आली. वेदना सोसण्याची क्षमता तिघांचीही सारखीच असताना केवळ आपल्या जिव्हाळ्यावर त्यांचे भवितव्य ठरावे, हा न्याय म्हणता येणार नाही.

सैन्याची बाजू

हा सराव करणारे अधिकारी क्रूर होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः मित्रांना डोळ्यांदेखत रक्त वाहून मरताना पाहिले होते. त्यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा असा की रबराचा पुतळा मरत नाही. जिवंत देह हाताखाली थंड पडू लागतो, तेव्हा मनावर जे दडपण येते, ते कोणत्याही यंत्राने येत नाही आणि युद्धात नेमके तेच दडपण असते. दुसरा मुद्दा रक्ताचा आहे. खऱ्या रक्ताची ऊब, त्याचा वास, त्याचे गोठणे, चिरलेल्या स्नायूचा स्पर्श या गोष्टी नकली साधनात हुबेहूब आणणे कठीण आहे. तिसरा मुद्दा आत्मविश्वासाचा आहे. एक जीव आपल्या हाताने सावरला, या अनुभवाने प्रशिक्षणार्थीला जे बळ मिळते त्याचे मोल मोठे आहे, असे अनेक सैनिक सांगतात.

या तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. म्हणूनच 'प्राण्यांवर दया करा' एवढे भावनिक आवाहन येथे पुरे पडत नाही. एका पारड्यात बोकड आणि दुसऱ्या पारड्यात जवान, अशी मांडणी झाली तर देशावर प्रेम करणारा कोणताही माणूस जवानाचीच बाजू घेईल आणि त्यात वावगे काही नाही. खरा प्रश्न निराळा आहे. बोकडाला मारल्याने जवान खरोखर अधिक चांगला वाचतो काय? ही मांडणीच चुकीची असली, तर सारा युक्तिवाद ढासळतो.

बोकडाचे शरीर, माणसाचे शरीर

प्राण्याचे शरीर आणि माणसाचे शरीर यांत साम्य आहे, पण युद्धवैद्यकात जिथे बोटाएवढ्या अंतराने जीव जातो वा वाचतो, तिथे भेदच निर्णायक ठरतात. बोकडाची किंवा डुकराची छाती खोल आणि अरुंद असते, माणसाची रुंद आणि चपटी. छातीत कोंडलेली हवा काढताना सुई नेमकी कोणत्या दोन बरगड्यांमध्ये आणि किती खोल घालायची, हे डुकरावर शिकून माणसावर जसेच्या तसे उतरत नाही. कंठाच्या पुढील बाजूस छेद देऊन श्वासाची वाट मोकळी करावी लागते, तिथेही डुकराच्या स्वरयंत्राची ठेवण वेगळी. धिप्पाड जवानाच्या मांडीला आवळपट्टा, म्हणजे टूर्निकेट, किती जोराने पिळावा लागतो हे बोकडाच्या काटकुळ्या पायावर कळणे शक्य नाही.

यात आणखी एक उणीव आहे. भूल दिलेला प्राणी निपचित पडलेला असतो. जखमी जवान ओरडतो, धडपडतो, आईला हाक मारतो, शस्त्र हाती असेल तर भ्रमात ते रोखूही शकतो. त्याच्याशी बोलत, त्याला धीर देत, सभोवार गोळीबार चालू असताना उपचार करावे लागतात. हा भाग निपचित प्राण्यावर शिकता येत नाही.

आणि शेवटचा मुद्दा सरावाचा. हाताचे कौशल्य पुनरावृत्तीने येते. तबल्याचा बोल असो वा मल्लखांबावरची उडी असो, शंभर वेळा केल्यावाचून ती अंगवळणी पडत नाही. बोकड एकदाच मरतो. चुकले तर पुन्हा तेच, त्याच जागी, त्याच क्रमाने करण्याची सोय तिथे नाही. शिवाय प्रत्येक प्राण्याची जखम वेगळी, त्यामुळे दोन प्रशिक्षणार्थींची तुलना करणेही अवघड.

पुतळ्यापासून 'कट सूट'पर्यंत

कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविणारा प्रसिद्ध पुतळा घडला तो नॉर्वेत. आस्मुंड लॅर्डाल हे तेथील खेळण्यांचे कारखानदार. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनविण्यात त्यांचा हातखंडा होता. १९६० मध्ये त्यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविण्यासाठी मानवी आकाराचा पुतळा तयार केला. त्यानंतर जगभरातील असंख्य लोकांनी अशाच पुतळ्यांवर हृदयाला दाब देण्याचे आणि श्वास फुंकण्याचे शिक्षण घेतले. ते शिकण्यासाठी कुणा जिवंत जीवाचे हृदय बंद पाडावे लागले नाही.

त्या पुतळ्यापासून आजवर बरीच मजल मारली गेली आहे. आजचा प्रशिक्षण-पुतळा, ज्याला सिम्युलेटर म्हणतात, श्वास घेतो, त्याची नाडी हाताला लागते, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात, तुटलेल्या अवयवातून धमनीच्या ठोक्यासरशी नकली रक्त उसळते आणि टूर्निकेट पुरेसा आवळल्यावाचून ते थांबत नाही. दूर बसलेला प्रशिक्षक त्याचा रक्तदाब खाली आणू शकतो आणि उशीर झाला तर त्याला 'मृत'ही करू शकतो. कोणती कृती कितव्या सेकंदाला केली, याची नोंद राहते. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे तयार झालेला 'कट सूट' तर माणसानेच अंगावर चढवायचा असतो. त्याच्या आत नकली त्वचा, स्नायू, आतडी आणि रक्त असते. तो घातलेला मनुष्य विव्हळतो, हात झटकतो, आणि प्रशिक्षणार्थी त्याच्या देहावर खरोखरीचे शस्त्र चालवून छेद घेतो. वर उल्लेखिलेली विव्हळणाऱ्या जखमीची उणीव येथे बऱ्याच अंशी भरून निघते.

नागरी क्षेत्राने हा पालट आधीच स्वीकारला. अपघातग्रस्तांवरील तातडीच्या उपचारांचा जगन्मान्य अभ्यासक्रम अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ही संस्था चालविते. त्यातील शस्त्रक्रियांचा सराव पूर्वी भूल दिलेल्या प्राण्यांवर होत असे. २००१ मध्ये या संस्थेने प्राण्याऐवजी 'ट्रॉमामॅन' नावाच्या कृत्रिम धडावर सराव करण्यास मान्यता दिली. इस्रायलने त्याच वर्षी तेल अवीवजवळच्या शेबा रुग्णालयात राष्ट्रीय सिम्युलेशन केंद्र उभारले. त्याचे संस्थापक डॉ. अमिताई झिव हे बालरोगतज्ज्ञ होण्यापूर्वी लढाऊ वैमानिक होते. वैमानिकाने आकाशात चुकण्यापूर्वी जमिनीवर चुकावे, हे तत्त्व त्यांनी विमानदलातून रुग्णालयात आणले.

विमानांची ही उपमा उद्बोधक आहे. एडविन लिंक हा अमेरिकी तरुण वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात काम करी. तिथल्याच भात्यांचा आणि पंपांचा उपयोग करून त्याने १९२९ मध्ये जमिनीवर झुलणारे नकली विमान तयार केले. आरंभी ते जत्रेतील करमणूक म्हणूनच ओळखले गेले. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सैनिकी विमानदलावर टपाल वाहण्याचे काम आले, खराब हवामानात अनेक वैमानिक प्राणांस मुकले, तेव्हा कुठे सैन्याने लिंकची यंत्रे विकत घेतली. आज सिम्युलेटरवर शिकल्यावाचून कुणी मोठ्या प्रवासी विमानाचा वैमानिक होत नाही. 'खरे विमान पाडल्यावाचून विमान कसे सावरावे ते कळत नाही' असा युक्तिवाद आज कुणी केला तर लोक हसतील.

एकेक पाऊल मागे

सैन्ये मात्र सावकाश बदलली. २०१० मध्ये अमेरिकी सैन्याने आपल्या जर्मनीतील तळांसाठी प्राण्यांवर सराव करण्याची परवानगी मागितली. पर्यायी साधने उपलब्ध असल्याने प्राणिरक्षण कायद्याखाली तशी परवानगी देता येणार नाही, असे जर्मन अधिकाऱ्यांनी कळविले. अमेरिकेत मेरीलँड राज्यात रासायनिक हल्ल्याचे परिणाम दाखविण्यासाठी व्हर्वेट जातीच्या माकडांना विषारी द्रव्य टोचले जाई. ती प्रथा सोडून देत असल्याचे सैन्याने २०११ मध्ये जाहीर केले.

२०१२ मध्ये 'मिलिटरी मेडिसिन' या नियतकालिकात एक सर्वेक्षण आले. त्यानुसार त्या वेळच्या 'नाटो'च्या २८ सदस्य राष्ट्रांपैकी २२ राष्ट्रे लष्करी वैद्यकीय प्रशिक्षणात प्राणी वापरतच नव्हती. वापरणारी होती अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे आणि पोलंड ही सहा. ब्रिटनचे लष्करी शल्यविशारद या सरावासाठी डेन्मार्कला जात आणि तिथे गोळी लागलेल्या डुकरांवर शस्त्रक्रिया करीत. म्हणजेच बावीस राष्ट्रांची सैन्ये या प्रथेवाचून आपले जवान तयार करीत होती. ती सारी आपल्या जवानांविषयी बेफिकीर होती, असे कोण म्हणेल?

पुढे अमेरिकेच्या संसदेने २०१३ च्या संरक्षण कायद्यात प्राण्यांऐवजी अन्य साधने आणण्याची योजना सैन्याकडे मागितली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या वार्षिक संरक्षण कायद्याने प्रशिक्षणासाठी प्राण्यांवर गोळ्या झाडण्यास बंदी घातली. हे कलम लावून धरणारे फ्लोरिडाचे सदस्य व्हर्न ब्युकॅनन हे रिपब्लिकन पक्षाचे, म्हणजे सैन्याचा कैवार घेणाऱ्या पक्षाचे. तथापि हा विजय अपुरा आहे. बंदी गोळीपुरती आहे. भोसकणे, भाजणे यांसारखे इतर प्रकार त्या कायद्याने थांबलेले नाहीत. १९८३ मध्ये कुत्रा वगळला गेला, २०२५ मध्ये गोळी वगळली गेली. या दोन पावलांमध्ये बेचाळीस वर्षे गेली.

जीव कशाने वाचले?

या साऱ्या वादात एक अनुभव विशेष मोलाचा आहे. अमेरिकेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटने आपल्या प्रत्येक सैनिकाला, मग तो स्वयंपाकी असो वा अधिकारी, रक्तस्राव थांबविण्याचे आणि श्वासमार्ग मोकळा करण्याचे शिक्षण सक्तीचे केले. २००१ ते २०१० या काळात तिचे ४१९ सैनिक घायाळ झाले, त्यांतील ३२ मृत्यू पावले. परंतु रणभूमीवर टाळता येण्याजोग्या कारणाने गेलेला त्यांत एकही नव्हता. हा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लष्करी वैद्यकाच्या क्षेत्रात त्याची मोठी चर्चा झाली.

या अनुभवातून घेण्याचा धडा असा की जीव वाचविले ते सार्वत्रिक शिक्षणाने. तुकडीतील एकटाच सहायक निष्णात असून भागत नाही, कारण गोळी त्यालाही लागू शकते. प्रत्येक जवानाला हे कौशल्य द्यायचे, ते दर काही महिन्यांनी ताजे करायचे, अंधारात, पावसात, थकलेल्या अवस्थेत करून घ्यायचे, तर त्यासाठी लाखो बोकड कुठून आणणार? प्राण्यावरचा सराव स्वभावतःच मोजक्यांपुरता आणि क्वचित होणारा राहतो. पुतळा बराकीत ठेवता येतो आणि दररोज बाहेर काढता येतो. जवानाच्या हिताचाच विचार केला तरी तराजूचा काटा पुतळ्याकडे झुकतो.

सुश्रुताचा 'पुस्तमय पुरुष'

हा विचार पश्चिमेकडून आलेला नवा पाहुणा आहे, असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा नववा अध्याय आहे. योग्या म्हणजे प्रत्यक्ष हाताने केलेला सराव. सारे शास्त्र पाठ असले तरी ज्याने हा सराव केला नाही तो शस्त्रकर्मास अपात्र, असे सुश्रुताने बजावले आहे. आणि मग सराव कशावर करावा, याची यादी दिली आहे. छेद घेणे शिकावे ते कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. भेद करणे पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडणे केसाळ कातड्यावर. शिरेचा वेध मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. जखमेचा ठाव घेणे किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि बांबूवर. रुतलेली वस्तू काढणे फणसाच्या, बेलफळाच्या गरातून. टाके घालणे वस्त्राच्या आणि मऊ चामड्याच्या काठांवर. पट्ट्या बांधणे 'पुस्तमय पुरुषा'च्या, म्हणजे कापडाच्या मानवाकृती पुतळ्याच्या अंगप्रत्यंगांवर.

या यादीत मृत पशूंचे अवयव आहेत, ते झाकण्याचे कारण नाही. परंतु शिकण्यासाठी जिवंत प्राण्याला जखमी करावे, असे त्यात कुठेही सांगितलेले नाही. प्रत्येक कौशल्य वेगळे काढायचे, त्याला स्पर्शाने जवळचा असा पदार्थ शोधायचा आणि हात बसेपर्यंत त्यावर घोटायचे, हीच आजच्या सिम्युलेशनशास्त्राची रीत आहे. त्याच सूत्रस्थानात 'युक्तसेनीय' नावाचा अध्याय सैन्यासोबत जाणाऱ्या वैद्याविषयी आहे. त्याची राहुटी राजाच्या तळानजीक असावी आणि घायाळांना ती सहज सापडावी म्हणून तिच्यावर ध्वज असावा, असे त्यात सांगितले आहे.

हे ऐकून केवळ छाती फुगविण्याचा उपयोग नाही. ज्यांच्या पूर्वजांनी काकडीवर शस्त्र चालवून शल्यशास्त्र शिकविले, त्यांच्यावर या परंपरेचा अभिमान सांगण्याबरोबर ती पुढे नेण्याचीही जबाबदारी येते.

आपला कायदा, आपली जबाबदारी

स्वतंत्र भारताचा कायदा या बाबतीत दूरदर्शी होता. राज्यसभेतील नामनियुक्त सदस्या आणि थोर नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक आणले. त्यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या १७ व्या कलमात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांसारख्या ठिकाणी पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती अशा साधनांनी भागत असेल तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. आणि केवळ हाताचे कसब मिळविण्यासाठी शक्यतो असे प्रयोग करू नयेत. अमेरिकेच्या संसदेत जो वाद चाळीस वर्षे रेंगाळला, त्याचे मर्म आपल्या कायद्यात १९६० सालीच आलेले आहे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन कमी करीत नेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. बेडूक कापल्यावाचून जीवशास्त्र शिकता येत नाही, ही समजूत हळूहळू मागे पडली.

येथे एक आक्षेप हमखास येतो. ज्या समाजात रोज हजारो बोकड खाटिकखान्यात जातात, त्याने प्रशिक्षणात मेलेल्या बोकडासाठी अश्रू ढाळावेत काय? हा आक्षेप शाकाहार-मांसाहाराच्या जुन्या वादात शिरतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. मुद्दा आवश्यकतेचा आहे. दुसरे अधिक चांगले साधन हाताशी असताना जीवाला जखमी करणे, ही हिंसा अनावश्यक ठरते. अनावश्यक हिंसेचे समर्थन मांसाहारी मनुष्यालाही करता येणार नाही.

आपल्या सैन्यापुढील आव्हान लहान नाही. कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये ५२७ जवानांनी प्राणार्पण केले आणि १,३६३ घायाळ झाले. सोळा-अठरा हजार फूट उंचीवर, जिथे हेलिकॉप्टरही हवामानाची कृपा झाल्यावाचून उतरत नाही, तिथे जखमीचा सारा भरवसा शेजारच्या सोबत्यावर आणि तुकडीतील नर्सिंग असिस्टंटवर असतो. सैन्याला डॉक्टर पुरविणारे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून पुण्यात आहे, म्हणून महाराष्ट्राला या विषयाची आस्था अधिक असावी, हे स्वाभाविक आहे. देशात सिम्युलेटर बनविणारे अभियंते आहेत, रबर आणि सिलिकॉनचे कारखाने आहेत. मानवी देहाच्या भारतीय मापाचे, सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात टिकणारे, खेड्यातून आलेल्या जवानालाही वापरता येईल असे स्वस्त पुतळे इथेच घडले पाहिजेत.

मात्र एक इशारा आवश्यक आहे. आपल्याकडे यंत्र येते, फीत कापली जाते, छायाचित्र निघते आणि मग ते यंत्र आच्छादनाखाली धूळ खात पडते. सिम्युलेटरच्या बाबतीत असे घडले तर हानी दुहेरी होईल. पुतळ्याला प्रशिक्षित गुरू हवा, आखलेला अभ्यासक्रम हवा, दुरुस्तीची तरतूद हवी आणि सरावाचे तास काटेकोर हवेत. रक्ताचा वास आणि मनावरील दडपण पुतळ्यातून पूर्णपणे येत नाही, ही उणीव मान्य करून ती अन्य मार्गांनी भरली पाहिजे. लष्करी डॉक्टरांना आणि सहायकांना मोठ्या शहरांतील अपघात विभागांत पाळीपाळीने पाठविले, तर तिथे खरी माणसे, खऱ्या जखमा आणि खरी निकड असते. तिथे ते शिकतात आणि त्याच वेळी कुणाचा तरी जीवही वाचतो. प्राणी वाचविले पण जवान कच्चा राहिला, तर त्या दयेला अर्थ उरणार नाही. या बदलाची कसोटी जवानाचा जीव हीच राहिली पाहिजे.

घराघरातून काय करता येईल?

हा विषय केवळ सैन्याचा आणि सरकारचा, असे समजू नये. शस्त्रक्रियेच्या उच्च शिक्षणाला पुतळ्याच्याही पलीकडे मानवी देह लागतो. तो कारखान्यात बनत नाही, माणसांनी दिला तरच मिळतो. वज्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीचींची कथा घराघरात सांगितली जाते. देहदानाचा अर्ज भरणे आणि त्याची कल्पना मुलांना, सुनांना, नातवंडांना आपल्या हयातीतच देऊन ठेवणे, हे त्या कथेचे आजचे आचरण होय. घरच्यांना पूर्वकल्पना नसेल तर ऐन वेळी भावनेच्या भरात अनेक संकल्प अपुरे राहतात.

दुसरी गोष्ट, रणांगण आपल्या दारातही आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे अपघातात मृत्युमुखी पडली. तिथेही रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे महत्त्वाची असतात आणि तिथेही भोवती जमलेल्या गर्दीत रक्त थांबविणारा एक हात हवा असतो. शाखेत, गणेशोत्सव मंडळात, गृहनिर्माण संस्थेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात वर्षातून एक दिवस प्रथमोपचारासाठी ठेवता येईल. एक साधा पुतळा, एक जाणकार डॉक्टर आणि दोन तास एवढेच त्यासाठी लागते. वाहत्या जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाब धरायचा, मध्येच हात उचलून पाहायचे नाही, छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब द्यायचा, एवढे जरी घरातील प्रत्येकाला आले तरी पुष्कळ साधेल.

पुढच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका थोड्याच दिवसांत छापावयास जातील. त्यांत प्रथमोपचाराचा एक दिवस प्रत्येक मंडळाने आजच लिहून ठेवावा, आणि त्या दिवशी पुतळ्यापुढे गुडघे टेकून बसणाऱ्यांत मंडळाचे अध्यक्ष पहिले असावेत.